इंजिन त्यांच्या हातचं होतं

शारजात रोल्ला भागात आमचं बिऱ्हाड होतं तेव्हा मी खाडीजवळच्या एका वर्कशॉपचं ऑफिस सांभाळायची. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारं ते वर्कशॉप एका पोलिश म्हाताऱ्याचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथं लागले तेव्हा त्यांनी साठी कधीच ओलांडली होती. मिस्त्रींपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे त्यांना चाचा म्हणत. तरुणपणी जहाजावरचे इंजिनियर म्हणून ते इथं उतरले आणि परत गेलेच नाहीत. मायदेशी तेव्हा कम्युनिस्टांचं राज्य. एकदा गेलो तर पुन्हा बाहेर सोडणार नाहीत ही धास्ती. इथंच दवाखान्यात नर्स असलेल्या गोव्याच्या मुलीशी त्यांनी लग्न केलं, एका अरबाच्या नावावर लायसन घेतलं आणि पत्र्याच्या शेडमध्ये धंदा उभा केला. हिंदी ते बायकोकडून शिकले, त्यामुळे जन्मभर "मैं आती हूँ" म्हणत राहिले. त्यांची बायको, आमच्या आंटी, स्पेअर पार्ट बघायच्या, मुलगा बापाच्या हाताखाली होता, मुलगी बंगलोरला इंजिनियरिंग शिकत होती.

त्या दिवशी एका मच्छीमार बोटीत चाचांनी स्वतः इंजिन बसवलं होतं. दुरुस्तीनंतर बोट समुद्रात नेऊन ट्रायल घ्यायची हे मुलाचं काम. तो एकटाच निघाला. आंटी माझ्याशी कोकणीमिश्रित मराठीत बोलायच्या तशाच त्यालाही ओरडून म्हणाल्या, "यल्ला, लवकर ये. सुंगटांचं कालवण केलंय." यल्ला म्हणजे तिथल्या अरबीत 'चल', आणि सुंगटं म्हणजे कोळंबी.

दुपारी शमाल सुटला, तो वायव्येचा वारा. शेडचे पत्रे थडथडू लागले. ऑफिसातल्या वायरलेसवर मीच त्याचा आवाज ऐकला. "पपा, इंजिन स्टॉप्ड. ट्राइंग अगेन." मी चाचांना हाक मारली. ते धावत आले, माइक ओढून घेतला, ओरडत राहिले. पलीकडून नुसती खरखर.

तटरक्षकांच्या बोटी गेल्या, बंदरातले सगळे मच्छीमार गेले. चाचा कुणाच्या ना कुणाच्या बोटीत रोज जात, संध्याकाळी मिठानं पांढरं झालेलं तोंड घेऊन परत येत. शेवटी बोट सापडली. खूप दूर, उलटी. मुलगा नाही.

ती बोट त्यांनी वर्कशॉपमध्ये आणवली आणि इंजिन खोललं. मिस्त्रींना हात लावू दिला नाही. एकेक भाग डिझेलमध्ये धुवायचा, उजेडात धरायचा, जमिनीवर मांडायचा. सगळं खोलून झालं तरी दोष सापडेना. मग पुन्हा पहिल्यापासून.

हेड मिस्त्री म्हणाला, "चाचा, खारा पानी अंदर गया. अब कुछ पता नहीं चलेगा. खलास."

"कुछ तो होगी," चाचा म्हणाले. "मेरा बेटा बोली इंजिन बंद. मेरी हाथ की गलती होगी."

चूक सापडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आंटींनी मला आणि माझ्या नवऱ्याला आग्रहानं जेवायला बोलावलं. त्या रात्री टेबलावर एक ताट जास्तीचं मांडायची पोलिश रीत आहे. अवचित कुणी पाहुणा दारात आला तर त्याच्यासाठी. आंटींनी ते मांडलं. चाचांनी उचलून कपाटात ठेवलं.

"असू दे ना," आंटी म्हणाल्या.

"वो मेहमान का है," चाचा म्हणाले. "वो मेहमान नहीं है."

आम्ही घास गिळत बसलो.

त्यानंतर चाचांनी पान्ह्याला हात लावला नाही. मिस्त्री दुसरीकडे जाऊ लागले. तेव्हा मुलगी शिक्षण संपवून परत आली आणि बॉयलर सूट चढवून शेडमध्ये उतरली. पहिलं इंजिन तयार झालं तशी बोट ट्रायलला काढत म्हणाली, "पपा, आय ॲम टेकिंग हर आउट."

"नो!" चाचांनी दाराला पाठ लावली. "एक दिया समुंदर को. दूसरा नहीं देगी."

"देन क्लोज द प्लेस. टेल देम ऑल टु गो होम."

चाचा दारातून बाजूला झाले. बोट गेली आणि ते धक्क्यावर जाऊन बसले, उन्हात, टोपीशिवाय. आंटींनी पाठवलेलं पाणी मी नेलं, ते त्यांनी घेतलं नाही. बोट परत येताना दिसली तेव्हा त्यांना तिथंच भडभडून ओकारी झाली.

वर्कशॉप चाललं, वाढलंही. पण दर ट्रायलला चाचा धक्क्यावर बसायचे, गुडघे जाईपर्यंत.

दोन हजारनंतर ते अंथरुणाला खिळले. दवाखान्यात हळूहळू हिंदी गेली, इंग्रजी गेली, नुसती पोलिश उरली. ती घरात कुणालाच येत नव्हती. ते आंटींचा हात धरून कळवळून काहीतरी सांगायचे, पुन्हा पुन्हा तेच, आणि आंटी रडत म्हणायच्या, "काय सांगतोय गो हा? कुणीतरी सांगा मला." मुलगी दुबईतली हॉटेलं पालथी घालत फिरली. शेवटी रिसेप्शनवर काम करणारी एक पोलिश पोरगी मिळाली. ड्युटी सोडून ती बिचारी आली, तोवर चाचांचं बोलणं थांबलं होतं. ती वाकून त्यांच्या कानाशी तिच्या भाषेत काहीतरी बोलत राहिली. आंटी पलीकडे उभ्या राहून तिच्या ओठांकडे बघत होत्या.