बंतु आणि बंद

आज ह्यांनी माझ्या वडिलांचा, अप्पांचा, जुना रेडिओ रिसीव्हर दुरुस्तीला उघडला. सोल्डरिंगच्या धुराचा राळेसारखा वास म्हैसूरच्या ह्या हॉलभर पसरला आणि मला लग्नानंतरचा पहिला दसरा आठवला.

तेव्हाही हा रेडिओ मुकाच झाला होता. अप्पा आणि त्यांचा पुण्याचा नवा जावई तो खोलून बसले होते. मध्येच करंट गेला; प्लग तसाच राहिला, आणि हॉलमधला दिवा दिवसाचा लावलेलाच नव्हता. अप्पा पाणी प्यायला आत गेले, तर तिथला दिवा लागला. ते तिथूनच ओरडले, "करंट बंतु!"

ह्यांनी ऐकलं 'बंद', आणि बिनधास्त स्क्रू-ड्रायव्हर आत घातला. ठिणगी उडाली, फ्यूज गेला.

"बंतु म्हणजे कानडीत आला की हो," अप्पा ओशाळून म्हणाले.

"मग आला म्हणा ना! हे कसलं मराठी?" हे हसले.

मला लाज वाटली, ती अप्पांची. त्यानंतर अप्पा जावयाशी शेवटपर्यंत इंग्रजीतच बोलले.

आज दुपारीही करंट गेला आणि आला. हॉलमधून हे सहज ओरडले, "बंतु गं!"

इतक्या वर्षांत हे बंतु म्हणायला शिकले. अप्पांची मुलगी मात्र त्या दिवसापासून 'आला'च म्हणते.