अर्थ विचारायचा नाही

वाटूरला ज्यूंचं घर एकच, आमचं. बाबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. गावात नुकते कुठे टीव्ही येत होते तेव्हाची गोष्ट. आम्ही शनिवार पाळतो हे सगळ्या गावाला माहीत होतं. का पाळतो ते आम्हालाच धड माहीत नव्हतं. म्हणून बाबांचे एक चुलतभाऊ दर मे महिन्यात कोकणातून यायचे, मला आणि भावाला हिब्रू प्रार्थना शिकवायला. मला तो माणूस डोळ्यांसमोर नको व्हायचा.

त्यांना आम्ही गुरुजी म्हणायचं. गुरुजी आत आले की आम्ही उठून उभं राहायचं, ते बसल्याशिवाय बसायचं नाही, त्यांचं बोलणं तोडायचं नाही. बाबांचा हुकूमच होता तसा. आणि गुरुजी काय करायचे? शुक्रवारी सांजेला, शनिवार लागला की, वाइनच्या जागी केलेल्या मनुकांच्या सरबतावर घडाघडा आशीर्वाद म्हणायचे, निम्मं सरबत स्वतःच ढोसायचे, अन् आमचा शब्द चुकला की कान पिरगाळायचे. शिकवणं कसलं डोंबलाचं! नुसती घोकंपट्टी.

माझी दहावी झाली त्या उन्हाळ्यात मी विचारलं, "गुरुजी, ह्या ओळीचा अर्थ काय?"

"अर्थ देवाला ठाऊक. तू पाठ कर."

"म्हंजे तुम्हाला बी येत न्हाई?"

झालं! मुलगी उर्मट आहे म्हणून गुरुजींनी पिशवी भरली अन् एसटीचा फाटा गाठला. अहो, पेसाहच्या सणाला घरातल्या धाकट्यानं प्रश्न विचारायचे ही आमच्या धर्माचीच रीत. तेव्हा कुणी उर्मट म्हणत नाही. मला खरंच शिकायचं होतं. मी म्हणते ते काय म्हणते, एवढंच तर हवं होतं.

माफी मागायला बाबांनी मला ओढत फाट्यावर नेलं. मी माफी काही मागितली नाही. जालन्याची एसटी येऊन उभी राहिली.

"ही धड्याला बसणार नसेल तरच थांबतो," गुरुजी म्हणाले.

बाबा माझी बाजू घेतील अशी माझी खात्री होती.

"बराबर हाय. न्हाई बसणार ती," बाबा म्हणाले अन् गुरुजींच्या हातातली पिशवी घेतली.

गुरुजी पुढं चालत होते. मी मागं रडत बाबांना म्हणाले, "त्यांना काहीच येत न्हाई, बाबा!"

"ठाऊक हाय मला," बाबा हळूच म्हणाले. "पण येतं तेवढं सांगायला दुसरं कोण येऊन राह्यलंय हितं?"

दुसऱ्या दिवसापासून भाऊ एकटाच घोकत बसला अन् मी आत भाकरी थापत होते. गुरुजींवरचा माझा राग कधीच विरला. बाबांवरचा नाही. त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी त्यांनी धड्यावरून मलाच उठवलं.