रोल कॉलला केलेलं कौतुक

मी नुकताच हवालदार झालो होतो. दहा जवानांची एक सेक्शन माझ्याकडे होती. त्या दहांत एक माझ्याच जिल्ह्यातला होता. मी रोह्याचा, तो जित्याजवळच्या खाडीकाठच्या गावातला. वडील मिठागरात काम करणारे. सुट्टी जुळली की आम्ही पनवेलहून एकाच गाडीत बसायचो. तो आधी उतरायचा आणि गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभा राहून हात हलवायचा.

एकदा तो सुट्टी संपायच्या चार दिवस आधीच परत आला. मी विचारलं, "काय रे, घरी करमलं नाय?"

"तसं नाय, उस्ताद. काम नव्हतं काय."

"सगळं बरं हाय ना?"

"बरं हाय."

मी एवढंच विचारलं आणि एवढ्यावरच माझं समाधान झालं. मला पुढच्या तपासणीची घाई होती. बराकीची रंगरंगोटी व्हायची होती.

त्यानंतर तो बदलला, आणि तो बदल मला आवडला. आधी तो गप्पिष्ट होता, फॉलिनच्या रांगेत उशिरा यायचा, बोलणी खायचा. आता गप्प झाला. सांगितलेलं काम करायचा, कुणाची ड्यूटी असली तरी "मी करतो" म्हणायचा. आपला नवा स्वेटर त्याने शेजारच्या खाटेवरच्याला देऊन टाकला. "मला लहान होतो," म्हणाला. मला वाटलं, पोरगा सुधारला. एका संध्याकाळी रोल कॉलला मी त्याला सगळ्यांपुढे उभं केलं आणि म्हणालो, "याच्याकडून शिका. तोंडातून तक्रारीचा शब्द नाय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो खाली बघत होता.

त्या रोल कॉलनंतर नवव्या दिवशी त्याने जीव दिला.

चौकशी झाली. माझ्यावर ठपका आला नाही. कागदावर लिहिलं गेलं, वर्तणूक चांगली, कोणतीही तक्रार नाही. ती वाक्यं मीच दिलेली होती.

त्याचा देह घेऊन गावी मीच गेलो. पुढच्या सुट्टीत पुन्हा गेलो, या वेळी एकटा. वडील ओट्यावर बसले होते. उन्हाने आणि मिठाने त्यांच्या पायांची कातडी तडकलेली. मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग त्यांनी विचारलं, "तुमी जेवायला एकत्र बसायचे ना?"

"व्हय. एकाच लंगरात, बाक वेगळा."

"मग शेवटी शेवटी तो किती जेवत होता?"

रायफल साफ आहे की नाही, बुटाला पॉलिश आहे की नाही, हे मी दहाही जणांचं डोळे मिटून सांगू शकलो असतो. तो किती चपात्या खातो हे मला माहीत नव्हतं. परत युनिटमध्ये आल्यावर मी शेजारच्या खाटेवाल्याला विचारलं. तो लगेच म्हणाला, "उस्ताद, अर्धी खायचा. झोपायचा पण नाय." मी म्हणालो, "मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तुम्ही तर त्याचं कौतुक करत होता."

त्या दिवसानंतर मी लंगरात जवानांच्या बाकावर बसून जेवू लागलो. सुट्टीवरून आलेल्या प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी मैदानाला दोन चकरा मारायला सोबत न्यायचो. घरी कोण आजारी आहे, कुणाचं बायकोशी पटत नाही, कुणाचं जमलेलं लग्न मोडलं, हे चालता चालता कळायचं. समोर बसवून विचारलं की फौजी माणूस सावधान होतो. मात्र एक प्रश्न माझ्या तोंडून निघत नसे. वाटायचं, विचारलं तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात शिरेल. एकदा युनिटच्या डॉक्टर साहेबांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "विचारल्याने कुणी मरत नाही. सरळ विचारायचं. आणि उत्तर ऐकायला थांबायचं."

दोनेक वर्षांनी वेळ आली. विदर्भातला एक लान्स नाईक, बापाच्या तेराव्याहून परतलेला. जेवण सुटलं होतं, चकरा मारताना नुसतं हूं हूं करत होता. दुसऱ्या चकरेला मी थांबलो.

"जीव द्यावासा वाटतो का तुला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तिथेच गवतावर बसला. "हो उस्ताद. लय दिवसांपासून."

मीही त्याच्या शेजारी बसलो. मी काही शहाणपण सांगितलं नाही, कारण मला येतच नव्हतं. तो तासभर बोलला, मी ऐकलं. मग म्हणालो, "आता तुला एकट्याला सोडणार नाही. आपण दोघं डॉक्टर साहेबांकडे जाऊ."

सुभेदार साहेबांना सांगून त्याची शस्त्राची ड्यूटी त्याच दिवशी काढली. इस्पितळात त्याला भरती केलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. बराकीत कुणीतरी "पागल झाला" म्हणालं. मी सगळ्यांना सांगितलं, "मलेरिया झाला असता तर हसला असतात का?" तो परत आला, पण महिनाभर माझ्याशी बोलला नाही. "तुम्ही सगळ्यांना कळवलंत," असं त्याचं म्हणणं. मी ते ऐकून घेतलं. हळूहळू तो जेवू लागला. औषधं पुष्कळ दिवस चालली. तो आज आहे, त्याच्या गावी आहे.

लोक म्हणतात, एक गेला पण एक वाचवलास. असं फिटत नाही. तो वेगळा होता, हा वेगळा.

निवृत्त होऊन आता मी रोह्यातच असतो. वर्षातून दोनदा त्या खाडीकाठच्या घरी जातो. त्याची आई इतकी वर्षं माझ्यासमोर कधी आली नव्हती. आतून भांड्यांचा आवाज यायचा, तेवढाच. गेल्या खेपेला ती दारात येऊन उभी राहिली.

"तो तिकडं हसायचा का वो कधी?"

मी म्हणालो, "व्हय. एकदा आमच्या परेडमध्ये एक बकरी घुसली. सुभेदार साहेब तिच्यावर ओरडले, 'पीछे मुड!' आणि ती खरंच वळून निघून गेली. तो असा हसला की मी त्याला मैदानाला पळवलं. पळतानाही हसत होता."

ती उंबऱ्यावर बसली. "आनखी सांगा," म्हणाली.

मला आठवेल ते मी सांगत राहिलो. वडील मान खाली घालून ऐकत होते. रोह्याची गाडी गेली, तरी मी उठलो नाही.