रिकाम्या चौकटी

गेल्या उन्हाळ्यात, एका सोमवारी सकाळी साडेअकराला, प्रश्नांचे अर्ज भरून आणणाऱ्या एका बाईंना सर्वेक्षणाच्या कामावरून काढलं. कारण तोंडी सांगितलं: त्यांनी भरलेले अर्ज अपूर्ण. मी त्याच खोलीत संगणकावर अर्ज चढवायच्या कामाला होतो.

संशोधन मानसशास्त्राचं होतं. घरोघरी जाऊन बायकांना मनाबद्दल प्रश्न विचारायचे आणि एक ते पाचमधल्या एका चौकटीत खूण करायची. एक म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे नेहमी. प्रश्नावली घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. या बाई चपला काढून आत बसत आणि आधी सांगत, "नाय म्हणलात तरी चालंल. नाय बी उत्तरच हाय." उठण्यापूर्वी भरलेला अर्ज वाचून दाखवत.

हर्सूलला सासूच्या त्रासाच्या प्रश्नावर एकीनं विचारलं, "माझी सासू पाचात कशी बसवू?"

"सहा लिहू का?"

"लिही. पण तिच्यासमोर वाचू नको."

बाईंनी समासात सहा लिहिला.

पिशोरला एक प्रश्न अडला: जगणं नकोसं वाटतं का? अकरा जणींनी उत्तर दिलं नाही. त्यांतली एक एवढंच म्हणाली, "हे नगं इचारू, बाई." बाईंनी अकराही चौकटी रिकाम्या ठेवल्या आणि तिच्या चौकटीशेजारी तेच वाक्य लिहिलं.

प्रकल्पप्रमुखांनी अर्ज टेबलावर आपटले. "रिकामी चौकट चालत नाही. मधला तीन टाका."

"ती बोलली नाय सर. मग मी कोण बोलणारी?"

"मॅडम, संशोधन कसं करायचं ते मला शिकवू नका."

"तुमीच ट्रेनिंगला शिकवलं, तेच सांगते."

त्या गेल्यावर अकरा अर्ज माझ्याकडे आले. अकरा वेळा तीन मी टाकला. संध्याकाळी बाईंना फोन करून तसं सांगितलं.

"तुमी बी, दादा?" त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सुरुवातीला प्रत्येकीकडून घेतलेल्या संमतीपत्रावर संशोधनातून माघार घेण्याचा हक्क छापलेला होता. बाई स्वतः पिशोरला गेल्या, प्रत्येकीला घडलेलं सांगितलं आणि अकरा पत्रं घेऊन आल्या. सात सह्या, चार अंगठे. मजकूर एकच: आमची माहिती वापरू नये. पत्रं देऊन त्या लगेच निघाल्या. पुन्हा ऑफिसात आल्या नाहीत.

दिवाळीनंतर अहवाल छापून आला. पिशोरच्या सहभागींचा आकडा पत्रांआधी होता तेवढाच आहे. अनुत्तरित प्रश्न: शून्य. अकरा पत्रं कपाटात आहेत. प्रत्येकावर पोच मिळाल्याचा शिक्का आहे.