मी त्याच्या वतीनं बोललो

“मालेगाव-वाशिम, मालेगाव-वाशिम! चाल बुढे, तुह्यासाठी खिडकी ठेवली! ओ मास्तर, पिशवी मांडीवर घ्या, तिले का येगळी सीट पायजे?”

शिरपूरच्या स्टँडवर जीपच्या पायरीवर लटकून असा ओरडणारा माणूस तोतरा होता म्हटलं, तर तुम्ही मलाच खोटारडा ठरवाल. तशी माझी ख्याती आहेच. त्याची हाक ऐकून जऊळका स्टेशनात उभी मालगाडी सुटते, ही अफवा माझीच. पण तोतरेपणा खरा.

पायरीवर त्याची जीभ तेल दिल्यासारखी चाले. बकऱ्यांशी बोलताना, विहारात सगळ्यांसोबत वंदना म्हणताना एक अक्षर अडत नसे. पण कुणी समोर उभं राहून, त्याच्या ओठांकडे बघत उत्तराची वाट पाहू लागलं, की संपलं. डोळे मिटत, मान ताणली जाई आणि पहिलं अक्षर दारातच ठाण मांडे. फोनवर तर त्याहून वाईट. शेवटी हात उडवून म्हणे, “रा-रा-राहू द्या.” अर्धी बोलणी त्यानं तिथंच सोडून दिली होती.

माझं पंक्चरचं दुकान त्या जीपांना लागूनच. त्याची वाक्यं मीच पुरी करून द्यायचो. मला तो परोपकार वाटे. चार लोक हसले, तर जास्तच वाटे.

त्याची पोरगी अकोल्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. कारंज्याकडचं स्थळ आलं. बैठकीला मुलीकडून एखादा बोलका माणूस लागतो, म्हणून त्यानं मला नेलं. वाटेत जीपच्या मागं लटकून, वाऱ्याकडे तोंड करून तो तीनदा बोलला, “पोरीची परीक्षा झाल्यावरच लग्न. मी तिले शब्द देल्ला.” तिन्ही वेळा चोख. मी ऐकलं होतं, वाचकहो. हे आधीच कबूल करतो.

बैठकीत पंचवीस माणसं. मी सांगतो तेव्हा दोनशे असतात, पण पंचवीसच. मुलाच्या मामानं विचारलं, “मंग पुढच्याच महिन्यात उरकाचं का, भाऊ?”

पंचवीस जोड्या डोळे त्याच्या तोंडाकडे वळले. “प… प… प…” गळ्याच्या शिरा फुगल्या. कुणीतरी खोकलं, कुणी जमिनीकडे पाहिलं. त्या शांततेत माझ्या जिभेला खाज सुटली.

“अहो, खुशीनं अडकला गडी!” मी ओरडलो. “हो म्हणून राह्यला तो!”

हशा उसळला. टाळ्या पडल्या. मामानं पेढा उचलून त्याच्या उघड्या तोंडात कोंबला. तोंडात ते ‘प’ तसंच होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या पेढ्याकडे.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानासमोर उभं राहून मुलाकडच्यांना फोन लावला. पलीकडून “हॅलो, हॅलो, कोण?” झालं आणि फोन कटला. तीनदा तसंच. मग त्यानं फोन माझ्यापुढे धरला.

मी हात ट्यूबच्या पाण्यात बुडवून म्हटलं, “आता शब्द मांगं घेतला तर सोयरे काय म्हणतील, भाऊ? नाव जाईल.”

नाव माझं जाणार होतं. जिल्ह्यातला बोलका माणूस मी.

लग्न झालं. परीक्षेच्या दिवशी पोरगी सासरी भाकरी थापत होती. पुढं परीक्षेचं नाव कुणी काढलं नाही. त्यानंतर स्टँडवर कुणी काही विचारलं, की तो मुकाट्यानं बोटानं जीप दाखवी. पायरीवरचं ओरडणंही हळूहळू थांबलं, आणि वर्षभरात जीप सोडून तो गावी शेतावर निघून गेला.

जायच्या दिवशी मी धीर करून म्हटलं, “भाऊ, चुकलं माह्यं. पण बैठकीत तुमी निदान मान तरी हालवाची होती.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवी खांद्यावर घेत, कुठेही न अडखळता म्हणाला,

“मी बोलूनच राह्यलो होतो.”