घोडी चारा खात नाही

हे मी माह्या बायकोलेही कधी सांगितलं नाही. तुम्हाले काऊन सांगून राह्यलो, ते मलेच कळत नाही. पण ऐका.

मी तालुक्याच्या कोर्टात बेलीफ होतो – समन्स बजावणारा, जप्ती करणारा माणूस. डोणगावच्या बबनभाऊची पांढरी घोडी मीच जप्त करून आणली. लग्नात नवरदेवाले मिरवणारी घोडी ती. तिच्यावर त्याच्या चुलतभावानं दावा टाकला होता – घोडी माही म्हणून. कोर्ट म्हणे, निकाल लागेपर्यंत ती आमच्या ताब्यात. आमच्या म्हणजे कोणाच्या? जजसाहेब का तिले पाणी पाजणार होते?

कोंडवाड्यात बांधली. तिथला माणूस म्हणे, गायी-म्हशी सांभाळीन, हे लाथाळ जनावर माहं काम नाही. आली ना बला माह्या गळ्यात! दिवसभर उन्हात गावोगाव समन्स वाटायचे, अन् सकाळ-संध्याकाळ हिचा कडबा, हिची लीद. त्यात लग्नसराई. रस्त्यानं बँड गेला की बाईसाहेब नाचायले लागत, दावं तोडत. अन् कोर्टात काय? तारीख. पुन्हा तारीख. डोस्कं फिरून गेलं होतं माहं.

बबनभाऊ दर तारखेले यायचा. म्हणायचा, दोन घास माह्या हातानं चारू द्या. मी कायदा दाखवायचो. कोणता कायदा? असा कायदाच नव्हता. माही चिडचिड होती ती, दुसरं काय?

मंग एक दिवस मी अहवाल लिहिला – घोडी चारा खात नाही, खंगत चालली, निकालापर्यंत जगणार नाही, आधीच लिलाव केलेला बरा. वीस वर्षांत माहा एकही अहवाल खोटा निघाला नव्हता. जनावराच्या डॉक्टरले बोलवायचंही कोणाच्या मनात आलं नाही. साहेबांनी फक्त बबनभाऊचं म्हणणं मागवलं.

त्याचा वकील तर विरोध करायले तयारच होता. पण बबनभाऊनं आधी मले व्हरांड्यात गाठलं.

"खरंच खात नाही का हो साहेब?"

त्या सकाळी तिनं कडब्याची अख्खी पेंडी फस्त केली होती. वर माह्या खिशात तोंड घालून गूळ शोधला होता. तिची लाळ शर्टावर तशीच वाळली होती – अन् मी म्हटलं, नाही खात.

"मंग विका," तो म्हणाला. "उपाशी मरू देऊ नका तिले."

लिलाव झाला. जिल्ह्याबाहेरचा कोणी व्यापारी तिले टेम्पोत घालून घेऊन गेला. तीन वर्षांनी निकाल लागला – घोडी बबनभाऊचीच. पण घोडी कुठं होती? त्याच्या हाती लिलावाचे पैसे आले, बस.

ते घेऊन तो माह्या टेबलाजवळ आला. तुम्ही वेळेवर लिहिलं म्हणून तिचा जीव वाचला, म्हणाला. वयानं माह्याहून मोठा माणूस. तो खाली वाकला – माह्या पाया पडायले.

मी पाय मागं घेतले नाही.