डफड्याच्या जाळावर पाणी

मंडळी, घरी येऊन दोन घंटे झाले, पण डोकं शांत होऊन नाही राह्यलं.

आज आमच्या गल्लीत लोककलेसाठी कार्यक्रम होता. रस्ता बंद, मांडव, भज्यांचे स्टॉल, अन् 'आपली लोककला वाचवा' असा मोठ्ठा बॅनर. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून डफडेवाले बोलावले होते, गोविंदकाका अन् त्यायचे दोन भाऊ.

डफडं आधी जाळावर शेकावं लागते. कातडं तापलं तरच ते ताणते, अन् ताणलं तरच वाजते. काकानं रस्त्याच्या कडेले तुराट्या पेटवल्या. तेवढ्यात आमच्या मंडळाचा एक जण बादली घेऊन धावला. "काय करून राह्यले काका? पाहुण्यायच्या डोळ्यात धूर जाते ना!" अन् ओतलं पाणी जाळावर.

"अरे बापू, शेकल्याबिगर वाजन कसं?"

"वाजवा ना असंच! कोणाले समजते?"

वाजवलं. ओल्या पुठ्ठ्यावर काठी मारावी, तसा आवाज. लोक हसले. मंग त्यायले स्टेजवरून खाली उतरवून डीजे लावला, अन् सारे नाचले. पाहुण्यायनं भाषण ठोकलं, "आजच्या पिढीले लोककलेची गोडीच नाही!"

काका डफडं पोटाशी धरून यष्टीची वाट पाहत बसले होते. मी जवळ गेलो, तर म्हणे, "आता नका बोलावू बापू. तांड्यावर तरी ते चांगलं वाजते."

बादलीवाला याच ग्रुपवर हाय. सकाळी बॅनरचा फोटो त्यानंच टाकलता, अन् तुमी साऱ्यायनं त्याले हात जोडले. आता त्याले कोण विचारते, पाणी कायले ओतलं म्हणून?